पडल्या, पण बसल्या नाहीत

पंचशीलाताई वाघमारे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती नांदेडच्या एका दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डाच्या दारात. मी जळकोट तालुक्यातल्या शेतकरी घरातून परिचारिकेचं शिक्षण घ्यायला नुकतीच आले होते. पांढऱ्या साडीच्या निऱ्या अजून नीट बसत नव्हत्या आणि वरच्या वर्गातल्या मुलींशी मान वर करून बोलायची हिंमत नव्हती. ताई माझ्या पुढच्या वर्गात होत्या. त्या दिवशी वॉर्डातले सगळे पलंग भरले होते आणि कंधारकडची एक बाई खाली सतरंजीवर कळा सोसत होती. शेजारची खोली मात्र रिकामी होती. आत धुतलेली चादर घातलेला पलंग, वर पंखा, कोपऱ्यात पाण्याचा माठ. एका पुढाऱ्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते, तिच्यासाठी ती खोली राखून ठेवली होती.

ताईंनी कोणाला विचारलं नाही. मला म्हणाल्या, "ए नवी, हिचा दुसरा हात धर." आम्ही दोघींनी त्या बाईला उठवलं, खोलीत नेलं आणि पलंगावर निजवलं. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी लगेच काम सुरू केलं. थोड्या वेळानं पुढाऱ्यांचा माणूस खोली बघायला आला. दारात ताई उभ्या होत्या.

"ही खोली आमच्या सायबाची हाय. कोणाच्या परवानगीनं बाई आत घातली?"

"तिच्या कळांच्या," ताई म्हणाल्या. "त्या थांबून न्हाई राहिल्या. तुम्ही थांबा."

तो माणूस थांबला नाही, पण आतही आला नाही. दुसऱ्या दिवशी ताईंना वर बोलावणं आलं. लेखी माफी द्या, म्हणजे विषय मिटला, असं सांगण्यात आलं. ताई म्हणाल्या, "लिहिते. विनापरवाना खोली उघडली असं लिहिते. बाईला जमिनीवर ठेवायची परवानगी कोणी दिली होती, तेही त्याच कागदावर लिहिते. चालेल का?" ते चालणार नव्हतं. ताईंनी माफी दिली नाही आणि त्यांना त्या वर्षी परीक्षेला बसू दिलं नाही. एक वर्ष मागं पडून त्या आमच्या वर्गात आल्या, माझ्या शेजारच्या बाकावर. मला जन्माची मैत्रीण मिळाली ती अशी, त्यांच्या शिक्षेतून.

ताई मुखेड तालुक्यातल्या. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई, आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला आणि घरातल्या पहिल्या नातीचं नाव पंचशीला ठेवायचं, हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं. नात जन्मली बऱ्याच वर्षांनी, पण नाव तेच राहिलं. वडील शाळेची घंटा द्यायचे आणि मधल्या वेळात वर्गाच्या दाराशी उभं राहून शिकवलेलं ऐकायचे. मुलगी पुस्तक घेऊन बसली की ते कोणाला घरात मोठ्यानं बोलू देत नसत. मी त्यांना एकदाच भेटले. मला म्हणाले, "आमची पोरगी लई हेकट हाय, सांभाळून घ्या." सांगताना ते इतके खूश दिसत होते की ही तक्रार नाही, हे मला लगेच कळलं.

शिक्षण संपल्यावर आम्ही दोघी लातूरला एका खासगी दवाखान्यात लागलो. ताई राहायला खोली शोधत होत्या, मी सोबत जात असे. एका घरी मालकीणबाईंनी खोली दाखवली, न्हाणी दाखवली, आम्हाला चहा पाजला. सगळं ठरलं. मग त्यांनी पूर्ण नाव विचारलं. ताईंनी सांगितलं. ही खोली आपल्या पुतण्याला लागणार आहे, असं बाईंना एकाएकी आठवलं. ताईंनी कपबशी खाली ठेवली. म्हणाल्या, "पुतण्या आला की त्याचंही नाव विचारून घ्या." बाहेर आल्यावर मला वाटलं, आता यांना रडू येईल. त्या म्हणाल्या, "चल, पुढची गल्ली बघू."

प्रभाकररावांशी त्यांचं लग्न लातूरलाच झालं. प्रभाकरराव औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डिंग शिकवत. अतिशय शांत गृहस्थ. घरात एकानं तरी शांत असावं म्हणून आपण ती जबाबदारी घेतली, असं ते सांगतात. पुढं अमेरिकेतल्या दवाखान्यांना परिचारिकांची गरज भासू लागली, ताईंनी तिकडची परीक्षा दिली आणि दोघं गेले. गेले तेही न्यूयॉर्कसारख्या आपण नाव ऐकलेल्या शहरात नव्हे. देशाच्या मध्यभागी, नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन असलेल्या एका राज्यातल्या लहान गावात. हिवाळ्यात कमरेइतका बर्फ. गावाबाहेर मांस कापून डब्यात भरायचा मोठा कारखाना, आणि गावात एक दवाखाना. त्या दवाखान्याच्या बाळंतपणाच्या विभागात ताईंनी पुढची कितीतरी वर्षं काढली. पहिल्या फोनवर मी विचारलं, कसं आहे. त्या म्हणाल्या, "आपल्या उदगीरच्या रानासारखंच हाय गं. फक्त माणूस दिसत न्हाई."

आता आमदारकीकडं येते. वाचकांसाठी एवढं सांगायला हवं की तिथं प्रत्येक राज्याला आपल्यासारखंच स्वतःचं विधिमंडळ असतं. मतदारसंघ मात्र आपल्या मानानं लहान. अधिवेशन वर्षातून काही महिने. मानधन इतकं बेताचं की ताईंच्या राज्यातले बहुतेक आमदार अधिवेशन संपलं की आपापल्या कामावर परत जातात. कोणी शेतकरी, कोणी वकील, कोणी मास्तर. लाल दिव्याची गाडी नाही, मागंपुढं माणसं नाहीत. ताई आमदार असतानाही परिचारिकेच्या पाळ्या करत होत्या.

त्या राजकारणात आल्या त्या त्यांच्या दवाखान्यानं बाळंतपणाचा विभाग बंद केला म्हणून. दवाखाना एका मोठ्या कंपनीनं विकत घेतला होता आणि गावात बाळंतपणं फार होत नाहीत, तेव्हा विभाग परवडत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यानंतर गावातल्या बायांना तासाभराहून लांब जावं लागे. त्याच हिवाळ्यात कारखान्यात काम करणारी एक तरुण बाई बर्फात अडकलेल्या गाडीत बाळंत झाली. बाई वाचली, बाळ वाचलं नाही. ती तपासणीसाठी ताईंकडं येत असे. ताईंनी तिला विभाग बंद झाल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

राज्याच्या राजधानीत विधिमंडळाची समिती लोकांचं म्हणणं ऐकून घेते. कोणीही नागरिक नाव देऊन बोलू शकतो. ताई गेल्या, प्रभाकरराव सोबत होते. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. ताई बोलत असताना वेळ संपल्याची घंटी वाजली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमची वेळ संपली, आता बसा." ताई म्हणाल्या, "माझं संपलेलं नाही." अध्यक्षांनी माईक बंद करायला सांगितला. ताईंनी आवाज चढवला. म्हणाल्या, "बंद करा. मी आयुष्यभर वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारल्या आहेत, मला माईक लागत नाही." आणि गाडीत गेलेल्या त्या बाळाची हकीकत त्यांनी उभ्या राहून पूर्ण सांगितली. दाराशी असलेला शिपाई जवळ येऊन उभा राहिला, पण त्यानं हात लावला नाही. प्रभाकरराव म्हणाले, "मला वाटलं, आता आपल्याला विमानात घालून लातूरला परत पाठवणार."

सभागृहाबाहेर त्यांच्याच गावचा डेल नावाचा म्हातारा शेतकरी भेटला. डुकरं पाळायचा, मका पिकवायचा. ताईंच्या हातून त्याची दोन नातवंडं जन्मलेली. तो म्हणाला, "असं ओरडायचंच असेल तर आतल्या खुर्चीवर बसून ओरडा. तिथं माईक बंद करता येत नाही."

पहिल्या निवडणुकीत ताई पडल्या. दुसऱ्या वेळी पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा पक्षानं एक सल्लागार दिला. तरुण, हुशार माणूस. त्याचं म्हणणं असं की हे नाव लोकांच्या जिभेवर बसत नाही. पाट्यांवर नुसतं 'शीला' लिहू. शीला हे नाव तिथंही असतं, लोकांना ती आपल्यातलीच वाटेल. ताईंनी त्याला लातूरची ती खोली, तो चहा आणि तो पुतण्या, सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तिथं पूर्ण नाव सांगितलं म्हणून मला खोली मिळाली नाही. तरी मी नाव मोडलं नाही. मग इथं मतासाठी मोडू का?" सल्लागार म्हणाला, "अशानं तुम्ही हराल." ताई म्हणाल्या, "मग पूर्ण नावानं हरीन." पाट्या पूर्ण नावाच्या लागल्या. डेलनं आपल्या मक्याच्या कडेला, हमरस्त्याला लागून, दाराएवढी पाटी रोवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो त्या नावाचा उच्चार शिकवू लागला. त्याचा स्वतःचा उच्चार चुकीचाच होता, असं ताई सांगतात, पण त्यांनी तो कधी दुरुस्त केला नाही.

तिथं उमेदवार घरोघर जाऊन दार वाजवतो. आपल्यासारख्या सभा नाहीत, जीप नाही, भोंगा नाही. एका घरी कुत्रं भुंकत पुढं आलं, मागून मालक आला. म्हणाला, "तू तुझ्या देशात परत जा." ताई पायरीवरून हलल्या नाहीत. त्याच्या मागं खिडकीत एक गरोदर मुलगी उभी होती. ताई म्हणाल्या, "माझं जायचं नंतर बघू. तुमच्या या मुलीला कळा लागल्यावर तुम्ही कुठं जाणार, ते आधी ठरवू." तो माणूस दार लावून आत गेला. त्यानं कोणाला मत दिलं, देव जाणे. ताई त्या वेळी थोड्याशा मतांनी निवडून आल्या.

निवडून आल्यावर तिथल्या भारतीय मंडळींच्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. कार्यक्रमाआधी एका गृहस्थांनी ताईंना बाजूला घेतलं आणि फार गोड शब्दांत सुचवलं की भाषणात गाव, शाळा, कष्ट हे सगळं जरूर यावं, पण 'ते जातीबितीचं' नको. इथं आपण सगळे भारतीय. ताईंनी मान हलवली. मग मंचावर जाऊन त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की आपण मुखेड तालुक्यातल्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या, आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्या बौद्ध घरातल्या आहोत आणि आपलं नाव त्या दीक्षेतून आलेलं आहे. पुढच्या रांगेतली काही मंडळी उठून जेवणाच्या दालनात गेली. ताईंनी भाषण आवरतं घेतलं नाही, उलट लांबवलं. जेवण गार होईपर्यंत बोलल्या, असं त्याच मला हसत सांगत होत्या. कार्यक्रम संपल्यावर परभणीकडची एक संगणक अभियंता त्यांना गाडीपाशी गाठून म्हणाली, "ताई, मी इथं आठ वर्षं आडनाव लपवून राहतेय." ताई तिला म्हणाल्या, "आजपासून नको राहू." आज ती मुलगी ताईंच्या प्रचाराचं सगळं काम बघते, पूर्ण आडनावानं.

इथं मला माझ्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझे यजमान गेले तेव्हा योगायोगानं ताई वडिलांच्या पुण्यतिथीसाठी गावी आल्या होत्या. कळताच त्या एसटीनं जळकोटला आल्या आणि तिथून मिळेल त्या गाडीनं आमच्या शेतावरच्या घरी पोचल्या. दहाव्या दिवशी नात्यातल्या बायकांनी मला मधे बसवलं. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. मी काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. एका चुलत जावेनं माझा हात धरला, तेव्हा ताई उठल्या आणि आमच्या दोघींच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"हात सोडा तिचा."

"तुम्ही कोण सांगणार? हे आमच्या घरचं हाय."

"घर तुमचंच हाय. पण या बांगड्या तिच्या पगाराच्या हायत. तिनं पाळ्या करून घेतल्यात. फोडायच्या तर पगार बी तुम्हीच घेत जावा आणि पाळ्या बी तुम्हीच करत जावा."

पुरुषमाणसं माना खाली घालून उभी होती. माझ्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा गेला होता, त्यांचं दुःख माझ्यापेक्षा कमी नव्हतं. त्या म्हणाल्या, "राहू द्या. माझ्या बी फोडल्या होत्या. त्यानं कोणी परत आलं न्हाई." जावेनं हात सोडला. माझ्या हातात आज ज्या बांगड्या आहेत त्या त्याच. त्यानंतर आमच्या गावात तीन-चार घरांत बायकांनी असाच नकार दिला. गावात त्याची फार चर्चा झाली नाही, पण झालं ते झालं. ताई त्या दिवशी जेवायला बसल्या तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या हातानं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. आमच्या स्वयंपाकघरात त्या आधी असं कधी घडलं नव्हतं.

ताईंचं विधेयक साधं होतं. राज्याचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही दवाखान्याला बाळंतपणाचा विभाग परस्पर बंद करता येऊ नये. आधी गावापुढं येऊन कारण सांगावं, लोकांचं ऐकावं आणि जवळ दुसरी सोय होईपर्यंत विभाग चालू ठेवावा. एवढंच. पण दवाखान्यांच्या कंपन्या दोन्ही पक्षांना जवळच्या होत्या. ताईंच्याच पक्षाच्या नेत्यानं त्यांना विधेयक मागं घ्यायला सांगितलं. ताईंनी ऐकलं नाही. मग त्यांना आरोग्याच्या समितीवरून काढलं आणि त्यांची खोलीही बदलली. नवी खोली तळघरात, इमारत गरम ठेवणाऱ्या यंत्रांच्या शेजारी.

त्याच सुमारास मी माझ्या मुलीकडं अमेरिकेत गेले होते. तिथून ताईंकडं राहायला गेले आणि मतदानाच्या दिवशी त्यांच्यासोबत विधानभवनात गेले. तळघरातल्या खोलीला खिडकी नव्हती. यंत्रांचा घुर्र आवाज भिंतीतून येत होता. दारावर मात्र पितळी पाटी, पूर्ण नावाची. मी म्हटलं, "ताई, इथं तुम्हाला कोण शोधत येणार?" त्या म्हणाल्या, "सफाईवाल्या, सुतार, पहारेकरी. सगळ्यांच्या खोल्या इकडंच हायत. वर होते तेव्हा हे लोक मला कधी भेटले न्हाईत."

मी प्रेक्षकांच्या सज्जात बसले. सभागृह सुरू व्हायच्या आधी तो नेता ताईंच्या बाकापाशी आला. उंच, रुबाबदार, बोलायला अदबशीर. काय बोलणं झालं ते ताईंनी मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "आज मागं घ्या, पुढच्या वर्षी मी स्वतः तुमच्या बाजूनं उभा राहीन." ताईंनी विचारलं, "आणि या वर्षी ज्या बाया बाळंत होणार आहेत, त्यांना थांबायला सांगू का?" तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

ताई बोलायला उभ्या राहिल्या. नऊवारी नाही की भरजरी पातळ नाही, साधा कोट, केस मागं बांधलेले. इंग्रजी बोलणं मला सगळं समजलं असं नाही, पण आवाज मी ओळखला. नांदेडच्या त्या दारातला तोच आवाज. कोणी मोबाईल बघत होतं, कोणी आपसांत बोलत होतं. ताई मधेच थांबल्या. सगळे वर बघेपर्यंत थांबल्या. मग पुढं बोलल्या. मतदान सुरू झालं. भिंतीवर मोठ्या फळ्यावर प्रत्येक आमदाराच्या नावापुढं दिवा लागतो, बाजूनं असेल तर हिरवा, विरुद्ध असेल तर लाल. मी बघत होते आणि फळा लाल होत चालला होता. त्यांच्या पक्षाच्या ओळीसुद्धा लाल झाल्या. मला तिथं बसवेना. ताई मात्र शेवटचा दिवा लागेपर्यंत फळ्याकडं बघत उभ्या होत्या. कोण कुठं उभं आहे ते त्या नीट बघून घेत होत्या.

दुपारी आम्ही तळघरात बसून जेवलो. ताईंनी घरून येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. ताईंना भाकरी कधीच नीट जमली नाही, जाड आणि कडेला करपलेली होते, आणि हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी मात्र इथं छापून टाकते. मी जेवू शकत नव्हते. त्या म्हणाल्या, "सुले, जेव. आज लाल लई झालं. पुढच्या वर्षी थोडं हिरवं करू."

पुढच्या वर्षीही विधेयक पडलं, पण लाल दिवे कमी झाले. तिसऱ्या वेळी त्या नेत्याच्याच मतदारसंघातला विभाग बंद होणार असल्याची बातमी आली आणि तिथल्या बाया त्याच्या दाराशी जाऊन बसल्या. त्यांना तिथं बसायला कोणी सांगितलं, हे ताई आजही सांगत नाहीत. त्या नेत्याचा दिवा हिरवा लागला आणि त्याच्या मागं पुष्कळांचे लागले. विधेयक थोडं कापून-छाटून का होईना, मंजूर झालं. ताईंच्या स्वतःच्या गावातला विभाग पुन्हा उघडला नाही. पण दुसऱ्या गावांतले विभाग या कायद्यामुळं आज चालू आहेत आणि तिथं बाळं जन्मत आहेत.

पुढच्या निवडणुकीत ताईंच्या विरुद्ध जाहिरातींचा पाऊस पडला. या बाईमुळं दवाखाने बुडतील, अशा जाहिराती. फोटोत त्यांचा चेहरा मुद्दाम काळवंडून दाखवलेला. ताई पडल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामावर हजर होत्या. बाळंतपणाचा विभाग बंद झाल्यापासून त्या वृद्धांच्या निवासात परिचारिका आहेत. तिथली एक म्हातारी त्यांना म्हणाली, "मी तुझ्या विरुद्ध मत दिलं." ताई म्हणाल्या, "मला माहीत आहे. तोंड उघडा, गोळी घ्या." दुपारी त्यांनी मला फोन केला. मी सांत्वन करायची तयारी करून बसले होते. त्यांनी विचारलं, "मुखेडला यंदा पिकं कशी हायत?" आणि मग पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभ्या राहणार असल्याचं सांगितलं.

ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून गौरवग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा आमच्या गौरव समितीच्या बैठकीत एक सूर निघाला. एक सन्माननीय सदस्य म्हणाले, "बाई आमदार होत्या तेव्हा केलं असतं तर शोभलं असतं. आता पडल्यात. पुन्हा निवडून येऊ द्या, मग करू." मी त्यांना तिथंच उत्तर दिलं, इथंही देते. आपल्याकडं निवडून आलेल्याचा सत्कार करायला रांग लागते. त्यात गौरव खुर्चीचा असतो. ज्यांची खुर्ची गेली आणि कणा गेला नाही, त्यांचा गौरव करायला आपल्याला लाज वाटत असेल तर हा ग्रंथ आपण काढूच नये. ग्रंथ निघाला आहे. त्या सदस्यांचाही लेख यात आहे, आणि चांगला आहे.

दुसरा प्रश्न जागेचा निघाला. ग्रंथाच्या प्रकाशनाचा समारंभ ताईंच्या गावी व्हायचा होता, काहींना तो हमरस्त्यावरच्या मंगल कार्यालयात हवा होता. पाहुण्यांना गाड्या लावायला सोपं जाईल, असं कारण दिलं. ताईंनी फोनवरून सांगितलं, "कार्यक्रम वस्तीत, विहाराच्या अंगणात. शाल नको, श्रीफळ नको. ज्यांना यायचं हाय, ते वस्तीत येतील. ज्यांना वस्तीत यायला जमत न्हाई, त्यांचा सत्कार मला बी नको." कोणी तरी विचारलं, मोठी माणसं आली नाहीत तर? ताई म्हणाल्या, "मग जागा भरपूर होईल. बायांना पुढं बसवा." मांडव विहाराच्या अंगणातच पडतो आहे. मोठी माणसंही येणार असल्याचे निरोप आता येऊ लागले आहेत.

पंचशीलाताई, साठीच्या माणसाला आता विश्रांती घ्या असं सांगायची आपल्याकडं रीत आहे. मी तुम्हाला तसं सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. तुमची साखर आटोक्यात राहो, गुडघे शाबूत राहोत, डोळ्यांना लांबचं आणि जवळचं दोन्ही स्पष्ट दिसो. प्रभाकररावांची सोबत तुम्हाला लाभत राहो आणि त्यांची शांतता तुम्ही अशीच मोडत राहा. पुढची निवडणूक तुम्ही जिंकाल की हराल, मला ठाऊक नाही. तुम्ही निरोगी राहा, पुष्कळ जगा. ज्यांना ज्यांना तुम्ही गप्प बसलेल्या हव्या आहात, त्या सगळ्यांपेक्षा जास्त जगा.